शेवाळ, दगडफूल आणि तिसऱ्या मजल्यावरची खिडकी : प्रकल्प नोंदी

२१ एप्रिल

बाणेरचं इंटिरिअरचं काम आलं. एका जर्मन कंपनीचं ऑफिस, तिसरा मजला. आपल्याकडे रिसेप्शन, कँटीन, दोन मीटिंग रूम आणि एक ‘शांत खोली’ एवढंच. बाकीच्या ऑफिसातली टेबलं-खुर्च्या दुसऱ्या पार्टीकडे. हेड ऑफिसने जाडजूड पुस्तिका पाठवलीय. निसर्गातून घेतलेलं डिझाइन, जगभरच्या त्यांच्या सगळ्या ऑफिसांना एकसारखं. शेवाळाची भिंत, सालीसकट लाकूड, झाडासारखे वर जाऊन फांद्या फुटणारे खांब, धुक्यातल्या जंगलाचा भिंतभर फोटो, वाहत्या पाण्याचा आवाज. रंग सगळे राखाडीकडे झुकलेले हिरवे.

सर म्हणाले, ‘छापलंय तसं करून टाकू, बिल लवकर निघेल.’ मी म्हटलं, आधी नमुने तिथल्या माणसांना दाखवू. ‘दाखव. पण कोण काय म्हणालं ते तारीखवार लिहून ठेव. मागाहून वाद नकोत.’ म्हणून ही वही.

पुस्तिकेच्या सुरुवातीला शास्त्र आहे. माणसाला सजीव सृष्टीची ओढ उपजतच असते, हा जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांचा १९८४ चा विचार. त्याला त्यांनी बायोफिलिया म्हटलं. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांचा निबंध आला. पेनसिल्वेनियातल्या एका हॉस्पिटलात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. आमच्या सोसायटीत माझी खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे हा निबंध मला वाचल्याबरोबर पटला होता.

पण पुस्तिका इथून एकदम उडी मारते. ओढ सगळ्यांना सारखी, तेव्हा डिझाइनही सगळ्यांना सारखं. भूकही सगळ्यांना लागते, म्हणून काय सगळीकडे वरणभात शिजतो?

२९ एप्रिल

शेवाळाचं सॅम्पल आलं. दोन फूट बाय दोन फुटाचं पॅनल, फिकट हिरवं, हाताला स्पंजासारखं. तयार दिसावं म्हणून रिसेप्शनच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाजूला बसून चहा घेत राहिले.

हाउसकीपिंगच्या मावशी आल्या, थबकल्या, वर छताकडे पाहिलं. ‘ताई, वरच्या मजल्यावर बाथरूम आहे का हो इथं?’

‘का?’

‘ओल धरलीय की. आत्ताच बघून घ्या, पावसाळ्यात सगळी भिंत खाईल ती.’

मी म्हटलं, मावशी, हे मुद्दाम लावणार आहेत, शोभेसाठी. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते वहीत उतरवता येणार नाही. मग जवळ जाऊन एक कोंब नखाने तोडला, चुरगाळला, वास घेतला. ‘हे तर दगडफुलातलं दिसतंय.’

मी जागच्या जागी फोनवर पाहिलं. मावशी बरोबर! शोभेच्या भिंतींना जे ‘रेनडियर मॉस’ लावतात ते शेवाळ नव्हेच, लायकेन (बुरशी आणि शैवाल यांची जोडी) आहे, उत्तर युरोपातून गोळा करून ग्लिसरीनमध्ये टिकवलेलं. आणि आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. जात वेगळी, एवढंच. हेड ऑफिसातल्या एकालाही हे ठाऊक नसणार. मावशींना नाकाने कळलं.

म्हणजे एकच वस्तू भिंतीवर असली की गळती आणि तळहातावर आली की मसाला. जपानात हीच भिंत लावली असती तर गोष्ट आणखी तिसरी झाली असती. क्योतोच्या साइहो-जी देवळाची बागच शेवाळाची आहे, लोक ती बघायला आधीपासून परवानगी काढून जातात. त्यांच्या राष्ट्रगीतात तर राजाचं राज्य खडकावर शेवाळ चढेपर्यंत टिको, अशी प्रार्थना आहे. आपल्याकडे शेवाळ म्हणजे गडाच्या पायरीवर पाय सटकतो ते, नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्याला दुसऱ्यांदा दिलेले पैसे.

(सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मावशींना पगार कोण देतं? आपलं क्लाएंट जर्मनीत आहे.’ क्लाएंट जर्मनीत आहे, पण भिंतीसमोर रोज मावशी उभ्या राहणार.)

६ मे

पाण्याचा आवाज. शांत खोलीत स्पीकर लावून ओढ्याची रेकॉर्डिंग चालू केली. दहा मिनिटं झाली नाहीत तोच सिक्युरिटीचे काका पँट्रीतून येऊन सगळे नळ आवळून गेले. पुन्हा पाच मिनिटांनी आले. ‘मॅडम, कुठंतरी पाणी चालू राहिलंय. आवाज येतोय, सापडत नाही.’ त्यांच्या सोसायटीत या आठवड्यात दिवसाआड टँकर आहे. त्यांना तो आवाज सोसवेना, आणि सोसवावा तरी का?

त्यावरून ‘भारतीयांना पाण्याचा आवाज नको’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा होईल. याच शहरात पेशव्यांनी शनिवारवाड्यात कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं उडवलं. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून पाणी गावात आणलं, ठिकठिकाणी हौद बांधले, आणि मग कारंजं उडालं. पाणी आल्याची ती द्वाही होती. लोकांनी कौतुकाने पाहिलं असेल, कारण पाणी दिसत होतं आणि कुठून आलं ते माहीत होतं. आमच्या खोलीत नुसता आवाज आहे. पाणी न दिसता आवाज आला की पुण्याचा माणूस प्लंबरला फोन करतो.

दुरुस्ती : आवाज ठेवायचा तर पाणी दिसलं पाहिजे. दगडी कुंड, छोटा पंप, तेच पाणी पुन्हा फिरवायचं. आणि वर बारीक अक्षरात तसं लिहायचं, नाहीतर काका पंपच बंद करून टाकतील.

१८ मे

रविवार. हेड ऑफिसचे एक इंजिनिअर आठवडाभर आलेत, त्यांना पुणं दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं, मुद्दामच. पुणे आणि ओकायामा या शहरांच्या मैत्रीची ही बाग, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली. मूळ बाग तिथल्या इकेदा सरदाराने बांधवली, १७०० साली पुरी झाली. जपानच्या तीन नामवंत बागांतली एक.

पाहुणे पुलावर उभे राहून बराच वेळ बघत होते. ‘फार नीटनेटकी आहे,’ म्हणाले, ‘जंगल असं नसतं.’ त्यांच्या मते निसर्ग म्हणजे माणसाने हात न लावलेला. जपानी माळी वर्षानुवर्षं एका पाइनच्या फांद्या वळवतो आणि त्याला तोच निसर्ग वाटतो. आमच्या शेजारून एक कुटुंब चाललं होतं, आजी म्हणाल्या, ‘बाग मोठी आहे, पण फुलं कुठायत?’ तिसरी व्याख्या. ज्यातून परडीभर फुलं निघत नाहीत ती आजींच्या लेखी बाग नव्हेच.

तळ्यात मासे होते. त्यावरून मानसशास्त्रज्ञ मसुदा आणि निस्बेट यांचा २००१ चा प्रयोग आठवला. अमेरिकी आणि जपानी विद्यार्थ्यांना पाण्याखालचं एक चलतचित्र दाखवलं आणि काय दिसलं ते सांगायला लावलं. अमेरिकी विद्यार्थी बहुधा सगळ्यांत मोठ्या माशापासून सुरुवात करत. जपानी विद्यार्थी आधी जागा सांगत, तळं होतं वगैरे, आणि मागचे दगड-वनस्पती कितीतरी जास्त सांगत. मी पाहुण्यांना विचारलं, काय दिसलं? ‘एक मोठा केशरी मासा.’ आजींना विचारायचं राहिलं. त्या तोवर नातवाला घेऊन भेळेच्या दिशेने निघाल्या होत्या.

३ जून

सुतारमामा आणि सालीची फळी. पुस्तिकेत मीटिंग टेबलाची कड सालीसकट ठेवलीय. मामांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

‘रंधा मारायचा राहिलाय.’

‘नाही मामा, तसंच ठेवायचंय.’

‘ताई, सालीखाली किडा राहतो. सहा महिन्यांत पिठी पडायला लागेल. मग नाव कुणाचं जाणार? माझं.’

त्यांचा मुद्दा किड्याचा कमी आणि नावाचा जास्त आहे. चाळीस वर्षं ज्या माणसाने लाकूड गुळगुळीत केलं, त्याला खडबडीत ठेवून त्यावर सही करा म्हणायचं. साल काढून कडेचं वाकडं वळण तेवढं ठेवायचं, असा तह झाला.

चहाला बसलो तेव्हा वाळवीवरून झिंबाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट इमारतीची गोष्ट सांगितली. वास्तुविशारद मिक पियर्स यांनी वारुळावरून कल्पना घेऊन १९९६ मध्ये बांधलेली. नेहमीचं एसी नाही, रात्रीची गार हवा आत घेऊन भिंती-स्लॅब थंड करायच्या, दिवसा गरम हवा वर धुराड्यांतून जाऊ द्यायची. पुढे अभ्यासकांनी खऱ्या वारुळात डोकावून पाहिलं तर तिथे काम वेगळंच चालतं : ते फुप्फुसासारखं श्वास घेतं, तापमान राखण्यासाठी नव्हे तर आतली हवा बदलण्यासाठी. म्हणजे निसर्गाचं वाचन चुकलं, इमारत मात्र बरोबर निघाली. मला ही गोष्ट फार आवडते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. ‘वारुळासारखी इमारत? नागपंचमीला पूजा कोण करतं मग?’ विनोद नव्हता तो. त्यांच्या गावी वारूळ वाळवीचं नसतंच, नागाचं असतं. बांधलं कुणी याला महत्त्व नाही, राहतं कोण ते खरं.

२१ जून

पालखी पुण्यात मुक्कामाला. निम्मे रस्ते बंद, सामान अडकलं. काम शून्य. लक्ष्मी रोडवर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका पाहिल्या. पुस्तिकेत ‘टेबलावर सुगंधी वनस्पतींची छोटी कुंडी’ असं एक कलम आहे.

२ जुलै

आज ऑफिसला दांडी मारून विश्रामबागवाड्यासमोर गेले. पाऊस होता, छत्री धरून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले तर पुस्तकं घ्यायला आलेल्या पोरांचे धक्के. पण जे बघायचं होतं ते दिसलं.

फांद्या फुटणाऱ्या खांबांचं रेंडर दोन महिने माझ्या स्क्रीनवर आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यावरून मी लहानपणापासून हजारदा गेलेय, पण दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत हे डोक्यातच आलं नव्हतं. वाड्याचे खांब सुरूदार आहेत. खाली फुगीर, वर निमुळते होत जाणारे, सुरूच्या झाडासारखे. आणि माथ्याशी केळफुलं. पेशवाईतल्या सुतारांनी निसर्गातून घेतलेलं डिझाइन भर बाजारात उभं केलंय आणि त्याला कुठलीही पुस्तिका नाही.

मजा पुढे आहे. हा सुरू म्हणजे इराणी सरू. तिथून मुघलांच्या दरबारी कलेत आला, तिथून मराठ्यांच्या वाड्यात. ज्या सुताराने तो कोरला त्याने ते झाड पाहिलं असेल अशी शक्यता कमीच. केळ मात्र परसातली. म्हणजे एका खांबावर खाली परका सुरू आणि वर घरची केळ, आणि बघणाऱ्याला दोन्ही आपलीच. संध्याकाळी मामांना फोटो दाखवला. सुरू म्हटल्यावर ते म्हणाले, ‘ते अलिबागच्या किनाऱ्यावरचं?’ किनाऱ्यावरचा सुरू म्हणजे कॅज्युरिना, तो ऑस्ट्रेलियाकडचा. नाव राहिलं, झाड बदललं, तरी खांब सुरूदारच.

कोयरीचंही तसंच. मी कापडाच्या नक्षीकामातून या धंद्यात आले, त्यामुळे कोयरी माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेलीय. आपल्याला ती आंब्याची बाळकैरी वाटते. दुसरं काही असू शकेल अशी शंकाही येत नाही. इराणात त्याच आकाराला बोतेह म्हणतात, म्हणजे झुडूप. वाऱ्याने शेंडा झुकलेला सरू, असंही सांगतात. काश्मिरी शालींवरून तो युरोपात गेला, स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात त्या शालींच्या नकला विणल्या गेल्या आणि आकाराला गावाचंच नाव चिकटलं. निसर्ग पार गळून पडला. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायका त्याला ‘पर्शियन पिकल’ म्हणत. त्यांचं पिकल म्हणजे खारवलेली काकडी. योगायोगाने आपल्याही कैरीचं शेवटी लोणचंच होतं.

आकार तोच. ज्याच्या परसात जे पिकतं ते त्याला त्यात दिसतं. पुस्तिकेत नेमकं हेच पान नाही.

फांद्यांचे खांब रद्द करून रिसेप्शनच्या मधल्या खांबाला केळफूल लावू, असं टिपण सरांना पाठवलं. उत्तर : ‘खर्च?’

१५ जुलै

जंगलाचा फोटो कँटीनमध्ये लावून पाहिला. उंच फरची झाडं, खाली अंधार, धुकं. जर्मन माणसाला जंगल म्हणजे लहानपणच्या परीकथांपासूनचं घर. इथे जेवता जेवता एकजण म्हणाला, ‘यात कुणीतरी हरवलंय आणि पोलीस शोधतायत असं वाटतं.’ दुसऱ्याला भूक लागेना. सिनेमातली भुतं आपल्याकडे अशाच ठिकाणी असतात.

मग मी वेताळ टेकडीचा मार्चमधला फोटो लावला : पिवळं गवत, मधेमधे एखादं झाड, वर मोकळं आभाळ. जेवणारे थांबून ‘अरे, ही आपली टेकडी’ म्हणाले. ओळखीचा आनंद होताच, पण आणखीही काही असावं. पर्यावरणशास्त्रज्ञ गॉर्डन ओरियन्स यांचं म्हणणं असं की माणूसजात ज्या गवताळ प्रदेशात घडली त्याची आवड अजून आपल्या हाडात आहे : लांबवर दिसेल असं मोकळं रान आणि आडोशापुरती विखुरलेली झाडं. बॅलिंग आणि फॉक यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या प्रदेशांचे फोटो दाखवले. आठ वर्षांच्या मुलांना गवताळ रान सगळ्यांत जास्त आवडलं, आणि ते त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. मोठ्या वयात मात्र ओळखीचं जंगलही तितकंच आवडू लागतं. पुढे नायजेरियात, पावसाळी जंगलाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनाही विचारलं, त्यांनीही गवताळ रानच निवडलं.

गंमत अशी की दख्खनचं पठार हेच मुळात गवताळ रान आहे. बाभळी, बोरी, तरट्या असली विरळ काटेरी झाडी. पंढरपूरला कान्होपात्रेचं झाड झालं ते तरटीचंच, वड-पिंपळ नव्हे. आणि आपण पुणेकर उन्हाळ्यात टेकडी पिवळी पडली की ‘उजाड झाली’ म्हणून हळहळतो आणि तिच्यावर बाहेरून आणलेलं गिरिपुष्प लावून ती हिरवी करतो. जर्मन पुस्तिकेला हिरवाच हवा, तसा आपल्या शाळेच्या चित्रकलेलाही. माझ्या पहिल्या ड्रॉइंगच्या वहीत दोन डोंगर, मधून सूर्य, गवत हिरवंगार. आणि मी राहायला होते कोथरूडला.

कँटीनमध्ये टेकडीचा फोटो कायम.

५ ऑगस्ट

हेड ऑफिसशी व्हिडिओ कॉल, दीड तास. काचेवर पानाची नक्षी हवी. त्यांनी खास ‘इंडियन’ म्हणून पिंपळपान सुचवलं. आपल्याकडच्या एचआर मॅडम पटकन म्हणाल्या, ‘पिंपळ नको, आमच्याकडे त्यावर मुंजा असतो.’ मुंजा म्हणजे कोण, हे इंग्रजीत सांगताना त्यांची जी तारांबळ उडाली! सोडमुंज न झालेल्या मुलाचं भूत, झाडावर राहतं, दर निरोपाला नवीन प्रश्न. मग त्यांनी कमळ काढलं. इकडे चार जण एकदम हसले. निवडणूक लागली की त्यावर कागद चिकटवत बसावं लागेल. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात हत्तींच्या पुतळ्यांना आयोगाने झाकायला लावलंच होतं.

‘तुम्हीच सुचवा,’ ते म्हणाले. मी मंडईत काढलेला शेवंतीचा फोटो दाखवला, पिवळीधमक, गच्च. पलीकडे शांतता. त्यांच्यातल्या बाईंनी जपून सांगितलं, ही फुलं आमच्याकडे नोव्हेंबरात थडग्यांवर ठेवतात. हीच शेवंती जपानच्या राजघराण्याचं चिन्ह, आणि आमच्याकडे गौरी तिच्याशिवाय सजत नाहीत.

आतापर्यंत मला वाटत होतं की अडचण आपल्याकडची आहे, त्यांचा निसर्ग कोरा आहे. आज कळलं, त्यांच्याही झाडांवर कुणीतरी राहतंच.

निर्णय : काच कोरी.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. मंडईत पत्री घ्यायला गेले. एकवीस पानांची जुडी : माका, बेल, धोत्रा, आघाडा, शमी, रुई, डोरली, मरवा, हादगा... देवदार पुण्यात कुठला, पण जुडीत काहीतरी हिरवं देवदार म्हणून घातलेलं असतंच आणि आपणही विचारत नाही. धोत्रा विषारी, आघाडा आणि माका रस्त्याच्या कडेचं तण. एरवी जे उपटून टाकायचं ते वर्षातून एकदा देवाला. एरवी गणपतीला न चालणारी तुळसही या एका दिवशी चालते. मुंजाचा पिंपळही त्याच जुडीत!

आधी मनात होतं की गालिच्यावर या पानांची नक्षी घ्यावी. सुदैवाने ड्रॉइंग आधी घरी दाखवलं. आई म्हणाली, ‘बेलावर पाय ठेवायला लावणार लोकांना?’ मी म्हटलं, आपल्या गालिच्यावर फुलं आहेतच की. ‘ती फुलं आहेत. हा बेल आहे.’ इराणी गालिचा म्हणजे अख्खी बागच जमिनीवर अंथरलेली असते, चार वाफे, पाट, झाडं, आणि त्यावर बसायचं हाच थाट. आपल्याकडेही बिननावाच्या वेलीवर खुशाल चालतात. पण पानाला नाव लागलं की पाय मागे येतो.

गालिचा साधा, मातकट रंगाचा, नक्षी नाही.

१२ सप्टेंबर

शेवाळाच्या सॅम्पलने पावसाळा दाखवला. ग्लिसरीनने हवेतली ओल ओढून घेतली आणि पॅनलखालच्या भिंतीवर हिरवट ओघळ. मावशी काही बोलल्या नाहीत. फडकं घेऊन आल्या फक्त. ऑर्डर रद्द.

१९ सप्टेंबर

या प्रकल्पातलं सगळ्यांत स्वस्त काम आज झालं. शांत खोलीच्या पूर्वेच्या खिडकीवर जुन्या भाडेकरूंनी फायलींचं कपाट आतून ठोकलं होतं. मामांनी दोन दिवसांत ते काढलं, काच पुसली. बाहेर वर्षावृक्षाचा अख्खा घेर, हाताच्या अंतरावर. संध्याकाळी पानं मिटतात ती दिसतात, पोपटांची भांडणं दिसतात. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, पण त्याला कुणी परकं म्हणत नाही.

त्या खोलीत आज जो आला तो खिडकीशीच उभा राहिला : काका, एचआर मॅडम, मावशी, कॉलवरून फोनमध्ये बघणाऱ्या हेड ऑफिसच्या बाईसुद्धा. कुणी काही अर्थ लावला नाही. कपाटात पूर्वी ऑडिटच्या फायली होत्या म्हणे.

सरांना सांगितलं की यापुढे कोटेशनमध्ये पहिली ओळ ‘खिडकी मोकळी करणे’ आणि नक्षी-चिन्हं शेवटी, तीही तिथल्या माणसांना दाखवून. ‘खिडकी मोकळी करायचे पैसे कोण देतं?’ सर म्हणाले.

२५ सप्टेंबर

केळफुलाला मंजुरी, एकाच खांबापुरती. मामांनी चित्रावरून कोरायला नकार दिला आणि मंडईतून खरं केळफूल आणलं. साइटवर वर्तमानपत्र पसरून एकेक पान सोलत बसले. बाहेरून जांभळट तपकिरी, आतून लालसर, आणि प्रत्येक पानाच्या कुशीत फिकट फुलांच्या दोन ओळी दाटीने बसलेल्या. सोलत गेलं की फूल लहान होत जातं पण आकार मोडत नाही. चिकाने मामांची बोटं काळी झाली.

‘हे बघा,’ म्हणाले, ‘सगळी पानं मिटलेली कोरली तर कांदा वाटेल. एक उचललेलं पाहिजे.’ म्हणून सागवानी केळफुलाचं एक पान किंचित उघडं आहे, आणि पटाशीने त्याच्याखाली सात बारीक फुलं काढलीत. उभं राहून ती दिसत नाहीत. सोफ्यावर बसून वर पाहिलं तरच दिसतात.

६ ऑक्टोबर

हेड ऑफिसचे दोघे आणि त्यांच्या जपानी भागीदार कंपनीचे एक गृहस्थ पाहणीला आले. खांबाशी थांबले. जर्मन पाहुणे म्हणाले, ट्यूलिप छान जमलाय. जपानी गृहस्थांनी हळूच विचारलं, कमळाची कळी का? मी काही बोलणार तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशींनी वर पाहिलं.

‘केळफूल आहे ते. भाजी करायची तर आधी हाताला तेल लावायचं, आणि आदल्या रात्री ताकात टाकायचं, नाहीतर काळं पडतं.’

मी भाषांतर केलं. ताक म्हणजे काय, इथपासून सुरुवात झाली. जपानी गृहस्थांनी वहीत लिहून घेतलं. मग सोफ्यावर बसले, वर पाहिलं, आणि उघडं पान त्यांना सापडलं.

उरलेली कामं : कुंडाच्या पंपाला टायमर (काका रात्री प्लग काढून ठेवतात). मीटिंग टेबलाच्या कडेला दुसरा हात पॉलिश. टेकडीच्या फोटोची फ्रेम डावीकडे अर्धा इंच खाली. शेवाळाचं पॅनल परत पाठवायचं होतं ते सापडत नाही, मावशींना विचारायचं.